बक्षिसी द्यायची पाळी

मावशींना खरोखर मावशी म्हणू शकेल असं जगात कुणीच नव्हतं. बहीणच नव्हती, तर भाचे कुठून येणार? पण त्या इमारतींचे जिने पुसायच्या, आणि जिने पुसणाऱ्या बाईला हाक मारायला लोकांना दुसरं काही सुचत नाही. "मावशी, चौथ्यावर कुत्र्याने घाण केलीये." "मावशी, बादली जरा सरकवा हो." असं ऐकता ऐकता आयुष्य गेलं. पुढे पुढे कुणी खरं नाव घेतलं की त्यांना वाटायचं, दुसऱ्याच कुठल्या बाईबद्दल बोलणं चाललंय. तेव्हा आपणही मावशीच म्हणू.

मावशींचे यजमान एका लाँड्रीची गाडी चालवायचे. माणूस थट्टेखोर, पण हृदय कच्चं. मुलगा शाळेत असतानाच ते गेले, आणि त्याच महिन्यात मावशींनी हातात बादली घेतली. एका इमारतीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली उतरत यायचं, एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची, आणि कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. कठड्याच्या फटीतून पाण्याचा थेंब खालच्या माणसाच्या डोक्यावर पडला तर शिव्या ठरलेल्या. एवढ्या वर्षांत माणसांचे चेहरे मावशींच्या फारसे लक्षात राहिले नाहीत, कारण त्या खाली वाकलेल्या असायच्या. पण बूट सगळ्यांचे ओळखायच्या.

मुलगा शिकला, विमा कंपनीत चिकटला, औषधांच्या दुकानात काम करणारी हुशार मुलगी त्याने स्वतःच पसंत केली, आणि दोघांनी मिळून एका चांगल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. तोवर मावशींच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलेलाच होता. मुलगा म्हणाला, "आई, आता बास. आता तू आमच्याकडे राहायचं आणि आराम करायचा." मावशींनी बादली शेजारणीला देऊन टाकली आणि दोन पिशव्या घेऊन त्या राहायला आल्या.

नव्या इमारतीच्या दारात एक दारवान होता. डोक्यावर सोनेरी पट्टीची टोपी, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणत. पहिल्याच दिवशी त्याने दार उघडून धरलं आणि म्हणाला, "या मॅडम." मावशींनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

आराम ही काय चीज आहे हे मावशींना काही केल्या कळेना. सकाळी लवकर जाग यायची, घर झोपलेलं असायचं. मग त्या दाराशी कान लावून बसायच्या. बाहेर जिन्यावर बादलीचा आवाज यायचा, ओलं फडकं पायरीवर आपटल्याचा आवाज यायचा. इथला जिना पुसायला तिशीच्या आतबाहेरची एक बाई होती. ती अशी काही गरगर खाली उतरायची की कॅप्टनने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. मावशी आतून ऐकायच्या आणि मनात म्हणायच्या, दुसऱ्या पाण्यात पिळलं नाही हिने. मग स्वतःवरच चिडायच्या. आपला काय संबंध?

दारात भेट झाली की भिंगरी म्हणायची, "काकू, पाय जपून, ओलं आहे." मावशी नुसत्या मान हलवायच्या. हिला काय हाक मारावी, हा प्रश्न त्यांना सुटेना. सगळे तिला मावशी म्हणायचे, वरच्या मजल्यावरचे आजोबासुद्धा. पण मावशींच्या तोंडून मावशी हा शब्द निघेना. आपणच आपल्याला हाक मारतोय असं व्हायचं.

आणि मग वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या.

एका संध्याकाळी सूनबाई दुकानातून थकून आली, बूट काढता काढता म्हणाली, "आई, एक काम तुमच्यावर सोपवू का? सुट्टीच्या आधी कॅप्टनना आणि जिन्याच्या मावशींना काहीतरी द्यायचं असतं. मला वेळच नाही. आणि खरं सांगू, यातलं तुम्हालाच जास्त कळतं. त्यांना काय आवडेल, काय नाही."

ती सरळ मनाने बोलली. मावशींनाही ते लागलं नाही. उलट बरं वाटलं, घरात काहीतरी काम मिळालं म्हणून. "बघते मी," त्या म्हणाल्या.

पण रात्रीचं जेवण होईपर्यंतच त्यांच्या डोक्याला भुंगा लागला. यातलं आपल्याला कळतं? काय कळतं? घ्यायचं कसं ते कळत होतं. हात पुसायचा, मान झुकवायची, "कशाला उगाच" म्हणायचं, उघडून बघायचं नाही, बादलीशेजारी ठेवून द्यायचं. द्यायचं कसं, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या आपल्याला मिळालेल्या भेटी आठवू लागल्या. माशाच्या आकाराचा साबण, ज्याने हात धुवावासा कधी वाटलाच नाही. मेणबत्त्या, इतक्या की एखाद्या गावात अंधार पडला असता तर पुरल्या असत्या. एका बाईने आपला वापरलेला स्कार्फ दिला होता, त्याला तिच्याच अत्तराचा वास होता. मावशी तो घालून कामाला गेल्या तेव्हा ती बाई जिन्यात भेटली आणि दोघीही ओशाळल्या. एका घराने तर नवी कोरी बादली दिली होती, कडीला लाल फीत बांधून. सगळं घर दारात उभं राहून हसत होतं, मावशींना आनंद झालेला बघायला. मावशींनी आनंद दाखवला. घरी आल्यावर यजमानांच्या तसबिरीला म्हणाल्या, "बैलाला सणासुदीला काय द्यावं, तर नवा नांगर."

आणि एक म्हातारे गृहस्थ होते. ते काही वस्तू द्यायचे नाहीत. दर वर्षी मावशींना घरात बोलवायचे, खुर्चीवर बसवायचे, आणि स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचे. त्यांची मुलगी सगळ्यांना कौतुकाने सांगायची, बाबांना माणसांची किती कदर आहे. मावशींना मात्र तो चहा नकोसा व्हायचा. म्हाताऱ्यांचं बोलणं संपायचं नाही, पुढच्या इमारतीला उशीर व्हायचा, तिथली बोलणी खावी लागायची. इतक्या चांगल्या माणसाचा आपल्याला राग का येतो, म्हणून मावशी स्वतःलाच दोष देत राहायच्या. आता आठवलं तरी ते कोडं तसंच होतं.

मग आवडलं ते काय? हे त्यांना काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्या खाली गेल्या आणि कॅप्टनजवळ उगाच घुटमळल्या.

"कॅप्टन, लोक तुम्हाला सुट्टीत काय काय देतात हो?"

"जे देतात ते, मॅडम."

"पण तुम्हाला काय आवडतं?"

कॅप्टनने टोपी सरळ केली. त्याला या प्रश्नात काहीतरी गोम वाटली असावी. "आवडणं ते वेगळं खातं आहे मॅडम," तो म्हणाला. "ते इथे दारात नसतं."

मावशी लिफ्टने वर आल्या. माणसाने उत्तर दिलं की टाळलं, तेही समजलं नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक घोळ झाला. वरच्या कुणाची तरी सामानाची पिशवी जिन्यात फाटली आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अंडी फुटली. पिशवीचा मालक तसाच वर निघून गेला. भिंगरी दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होती. रात्रभर ती अंडी वाळली की खरवडून काढताना काय होतं, ते मावशींइतकं कुणाला ठाऊक? त्यांना राहवेना. स्वयंपाकघरातली बादली घेतली, गुडघ्याखाली उशी घातली आणि वळण लख्ख करून टाकलं. खालचं जिन्याचं दार कधी उघडलं आणि कॅप्टनने मान वर करून कधी पाहिलं, त्यांना कळलं नाही. पिळताना मनगटाला तो जुना पीळ बसला तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं की त्या दोन पायऱ्या जास्तच पुसून गेल्या.

सकाळी दारावर टकटक झाली. भिंगरी उभी होती. चेहरा उतरलेला.

"काकू, काल जिना तुम्ही पुसलात?"

"हो गं. म्हटलं, तुला त्रास नको."

"कॅप्टनने सेक्रेटरींना सांगितलं. त्याने कौतुकानेच सांगितलं, की दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम किती चांगल्या. आता सेक्रेटरी मला विचारतात, राहणाऱ्या माणसांनाच जिना पुसावा लागत असेल तर तुला कशाला ठेवलंय?" मग ती हळूच म्हणाली, "तुमचा हेतू चांगला होता हो. पण काकू, माझ्या पोटावर पाय देऊ नका."

करायला गेले काय आणि झालं काय. "अगं, मी पण हेच काम केलंय," त्या घाईघाईने बोलून गेल्या. "आयुष्यभर. जिनेच पुसले मी."

भिंगरीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आधी हातांकडे, मग चेहऱ्याकडे. मावशींना वाटलं, आता ही हसेल, आता आपलं जमेल. पण भिंगरी म्हणाली, "मग तर तुम्हाला कळायलाच हवं होतं." आणि बादली उचलून खाली गेली.

मावशी त्याच दिवशी सेक्रेटरींकडे गेल्या. ते गृहस्थ निवृत्त शिक्षक होते, सगळ्यांना समजावून सांगायची सवय. मावशींनी त्यांना सांगितलं की माझीच चूक, अंडी संध्याकाळी सांडली होती, त्या बाईचा काही दोष नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काही हरकत नाही, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात." मावशींना काय म्हणावं ते कळेना. मोठं मन कुठून आलं यात? पण विषय मिटला, हे महत्त्वाचं.

आता भेट देणं आणखी अवघड झालं. द्यावं तर लाच वाटणार, न द्यावं तर कंजूषपणा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या बाजारात गेल्या. कॅप्टनसाठी लोकरीचे हातमोजे घेतले, ते पटकन झालं. भिंगरीसाठी मात्र दुकानामागून दुकान पालथं घातलं. एका ठिकाणी गुडघ्यांना बांधायच्या जाड गाद्या होत्या, फरशी बसवणारे कारागीर वापरतात तशा. मावशींनी त्या हातात घेतल्या आणि त्यांना अगदी आतून वाटलं, हे मला कुणी दिलं असतं तर. आज माझे गुडघे माझ्यापाशी असते. मग त्यांना लाल फीत बांधलेली बादली आठवली, आणि गाद्या परत फळीवर गेल्या. फाटलेल्या हातांना लावायचं मलम घेतलं, तेही परत ठेवलं. तुझे हात खरबरीत झालेत, हे आपण कशाला सांगावं? शेवटी त्या एका उंची दुकानात शिरल्या, जिथे त्या जन्मात कधी शिरल्या नव्हत्या, आणि रेशमी स्कार्फ घेतला. निळा, काठाला बारीक नक्षी. दुकानातल्या मुलीने विचारलं, "तुमच्यासाठीच का?" मावशी म्हणाल्या, "नाही, माझ्या…" आणि पुढे शब्दच नव्हता. "एका मुलीसाठी," त्या म्हणाल्या.

कॅप्टनला त्यांनी हातमोजे दिले. कॅप्टनने मान झुकवली, "कशाला उगाच, मॅडम" म्हणाला आणि पुडकं न उघडता टेबलाखाली ठेवून दिलं. तिथे आधीच बरीच पुडकी होती. मावशी लिफ्टपर्यंत गेल्या आणि त्यांचं मन खट्टू झालं. बघायचं तरी होतंस. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण तरी कधी काय उघडून बघितलं? तेव्हा देणाऱ्यांचं मन असंच खट्टू झालं असेल काय? लिफ्टचं दार उघडून मिटलं तरी त्या बाहेरच उभ्या होत्या.

भिंगरीने मात्र पुडकं तिथेच जिन्यात उघडलं. स्कार्फ उलगडला, उजेडात धरला. "छान आहे," ती म्हणाली. मग पुन्हा पहिल्या घडीवर घडी घातली. "काकू, राग मानू नका. हा मी कुठे घालू? माझी बहीण दुकानात काउंटरवर उभी असते, ती घालेल. तिला शोभेल."

"बरं," मावशी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

भिंगरी बादलीची कडी खाली वर करत राहिली. तिच्या मनात काहीतरी होतं. "तुम्हाला खरंच मला काही द्यायचं असेल तर सांगू का?"

"सांग ना."

"सुट्टीच्या पहिल्या दिवशी पाहुणेरावळे येतात, म्हणून त्या सकाळी जिना झालाच पाहिजे असं सेक्रेटरींचं म्हणणं. मला ती एक सकाळ हवी आहे. तुम्ही कराल माझ्या जागी? तुम्हाला काम येतं. कॅप्टनला मी सांगते, तो बोलणार नाही."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. ही आपल्याला कामाला लावतेय की आपला मान करतेय? पंधरवड्यापूर्वी पोटावर पाय देऊ नका म्हणणारी हीच ना? "तुझ्या घरी काही आहे का?" त्यांनी विचारलं. "कुणी आजारी?"

"आहे जरा," भिंगरी म्हणाली आणि नजर खाली केली.

मावशींना वाटलं, लेकरू असेल, ताप असेल. "करते मी," त्या म्हणाल्या. "तू निवांत राहा."

घरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलगा त्या सकाळी सासूसासऱ्यांना आणायला स्टेशनवर जाणार होता, सूनबाई स्वयंपाकात असणार होती. त्यांनी हिशेब केला की सगळे उठायच्या आत वरचे मजले उरकतील. हिशेब करताना त्यांनी आपले गुडघे मात्र तरुणपणीचे धरले होते.

सकाळी त्या लिफ्टने वर गेल्या आणि उतरायला सुरुवात केली. जुना झगा, डोक्याला फडकं. वरचे दोन मजले गाण्यासारखे गेले. त्याखालच्या मजल्याला गुडघे कुरकुरले. आणखी एक उतरल्यावर ते सरळ बोलू लागले. इमारत जागी झाली, दारं उघडू लागली, आणि सहाव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई पायऱ्या उतरत आल्या. काळे बूट, टाच एका बाजूने झिजलेली.

"मावशी," त्या म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. हे तुमच्यासाठी. वर्षभर किती करता आमच्यासाठी." आणि त्यांनी एक पाकीट पुढे केलं.

मावशींनी हात झग्याला पुसला, मान झुकवली, "कशाला उगाच" म्हणाल्या, आणि पाकीट बादलीशेजारी ठेवलं. डॉक्टरीणबाई ओल्या पायऱ्यांच्या कडेकडेने निघून गेल्या. त्या दाराबाहेर पडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे मावशी भानावर आल्या. आपण काय केलं हे? ओरडून परत बोलवावं का? काय सांगावं, की मी ती नाही? पण मग मी कोण? त्यांनी पाकीट खिशात घातलं, भिंगरीचं म्हणून, आणि फडकं पिळलं.

त्या दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर होत्या तेव्हा खालून मुलाचा आवाज आला. "लिफ्ट छोटी आहे, सामान लिफ्टने पाठवतो, आपण जिन्याने जाऊ. दुसराच मजला आहे." आणि पुढच्या क्षणी मुलगा, त्याच्यामागे विहीणबाई आणि व्याही, अशी तिघं वळणापाशी येऊन थबकली.

विहीणबाई म्हणजे जुन्या वळणाच्या, नीटनेटक्या बाई. कधी एखादा जास्तीचा शब्द नाही. मावशी अर्ध्या उठल्या, अर्ध्या बसल्या, गुडघा मध्येच अडला. मुलाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आई, हे काय चाललंय?"

"भेट देतेय," मावशी म्हणाल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नाही, आणि खोटंही नव्हतं ते.

मग विहीणबाईंनी वरच्या चमकणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. "वाळेपर्यंत आम्ही इथेच थांबतो," त्या म्हणाल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. व्याहीही थांबले. मग मुलालाही थांबावंच लागलं. चौघंही जिन्यात उभी राहिली, पायऱ्या वाळायची वाट बघत. व्याह्यांनी गाडीत किती गर्दी होती ते सांगितलं. मावशींनी विचारलं, झोप झाली का. जणू बैठकीतच बसलेत. विहीणबाईंनी हे आदराने केलं की टोमणा म्हणून, हा प्रश्न मावशींना त्या क्षणी पडला, आणि खरं म्हणजे पुढेही पडतच राहिला.

दुपारचं जेवण नीट पार पडलं. पाहुणे जरा आडवे झाले तेव्हा मुलाने मावशींना त्यांच्या खोलीत गाठलं.

"आई, मी शिकलो, घर घेतलं, ते कशासाठी? तुला या जिन्यांवरून उतरवायलाच ना?"

"उतरवलंस की चढवलंस, तेच मला कळत नाहीये बघ," मावशी म्हणाल्या.

तो चिडला होता, तरी हसू फुटलं. मग पुन्हा गंभीर झाला. "मला लाज वाटली," तो म्हणाला. "आणि लाज वाटली याची पण लाज वाटली."

"मला नाही वाटली," मावशी म्हणाल्या. "वाटायला हवी होती का, तेवढं सांग." तो पलंगावर त्यांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या गुडघ्याला तेल चोळू लागला. त्याच्या वडिलांसारखाच तो अंगठा जोरात दाबतो, हे मावशींना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

सुट्ट्या संपल्या आणि भिंगरी आली. मावशी दार उघडून वाटच बघत होत्या. पाकीट तिच्या हातात दिलं, कुणी दिलं ते सांगितलं. मग विचारलं, "कसं आहे आता घरी? ताप उतरला का?"

"ताप?" भिंगरी म्हणाली. मग तिला आठवलं. ती जराशी ओशाळली. "काकू, कुणी आजारी नव्हतं. मी झोपले."

"झोपलीस?"

"ऊन अंगावर येईपर्यंत. सगळे सुट्टीत झोपतात, आणि मी एकटी अंधारात उठते. एकदा तरी झोपायचं होतं. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं की नाही, माहीत नव्हतं."

मावशींना राग आला. आला तो खराच आला. गुडघे अजून ठणकत होते, मुलाला लाजेने मान खाली घालावी लागली, आणि ही बया झोपली होती. पण राग तोंडापर्यंत येईतो त्यांना आठवलं की आपणही आयुष्यात सुट्टीच्या दिवशी कधी झोपलो नाही. मग केलं असतं का आपण, झोपेसाठी म्हणून? बहुतेक नसतं केलं. द्यायला आपल्याला कुणाचा तरी तापच लागला असता.

"लागली का झोप?" त्यांनी विचारलं.

"लागली," भिंगरी म्हणाली. आणि मग कठड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर कठड्याला साबण राहिला होता. पांढरे ओघळ वाळले होते. मी काढले आत्ता."

"काय बोलतेस? मी दोनदा पुसला कठडा."

"राहिला होता," भिंगरी शांतपणे म्हणाली. "म्हटलं सांगावं. तुम्ही कामातल्या आहात म्हणून."

दार लावून घेतल्यावर मावशी बराच वेळ धुसफुसत होत्या. माझ्या कामात खोट काढते. तरी त्यांच्या ध्यानात आलं की भिंगरीने आज जाताना "येते काकू" ऐवजी नुसतंच "येते" म्हटलं होतं, जसं शेजारच्या इमारतीचे जिने पुसणाऱ्या बाया पूर्वी त्यांना म्हणायच्या. हे बरं झालं की वाईट, ते मात्र लागलीच ठरवता येईना.

संध्याकाळी पुन्हा दार वाजलं. आता सहाव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, हातात फुलांची एक मोठी कुंडी. कॅप्टनकडून त्यांना सगळं कळलं होतं.

"मला फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला त्या मावशीच समजले. किती वर्षं त्या येतात, आणि मी कधी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नाही, हे त्यामुळे मला कळलं."

"असं होतं हो," मावशी म्हणाल्या. "मी तरी कुठे तुमचा चेहरा पाहिला? टाच झिजलीये तुमची, डावीकडची. पाय घसरेल." डॉक्टरीणबाईंनी आपल्या बुटांकडे पाहिलं, कुंडी मावशींच्या हातात दिली, आणखी एकदा माफी मागितली आणि त्या गेल्या.

मावशी कुंडी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "ही घे," त्या सूनबाईला म्हणाल्या. "आता त्या डॉक्टरीणबाईंना आपण काय द्यायचं?"

सूनबाई हसली, पण मावशी हसत नव्हत्या म्हणून थांबली. ती खुर्ची ओढून समोर बसली. "आई, मी तुम्हाला म्हटलं होतं की तुम्हाला यातलं कळतं. उगाच म्हटलं. पण मला सांगा, एवढ्या वर्षांत मनापासून आवडलं असं एक तरी काही मिळालं का तुम्हाला?"

कोणीतरी दुसऱ्याने विचारल्यावर गोष्ट आठवते, तशी ती मावशींना आता आठवली. "एका घरातले लोक सुट्टीला गेले आणि मला द्यायचं विसरले. परत आल्यावर ती बाई धावत खाली आली. धाप लागलेली. म्हणाली, मावशी, मी तुम्हाला विसरलेच हो. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. ते मला आवडलं."

"मग काय दिलं तिने?"

"काही नाही. पुन्हा विसरली."

सूनबाईला हसावं की नाही ते कळेना. मावशींनी मान हलवली. "का आवडलं ते मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मलाच माहीत नाही."

मग त्या उठल्या आणि कुंडीला पाणी घालायला पेला भरला. अशा झाडाला किती पाणी लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी थोडं घातलं, माती दाबून पाहिली, आणि आणखी थोडं घातलं.